छापील पुरावा

नळदुर्गजवळच्या त्या गावातली शाळा गायत्रीच्या आज्जानं, चन्नबसप्पा गुरुजींनी, स्वतःच्या गोठ्यात सुरू केली होती. ऑनलाइन ज्ञानकोशावर मात्र संस्थापक म्हणून जुन्या सरपंचांचं नाव होतं, म्हणून तिच्या प्रकल्पातलं उत्तर बाईंनी चूक ठरवलं. तिनं त्या पानावर दुरुस्ती केली. छापील संदर्भ नाही म्हणून तीही कुणीतरी पुसली.

"आज्जा, तुम्ही जित्ते समोर बसलाव, तरी पेपरात छापलेलं पायजे म्हणतेत."

"मग थांब की जरा. पेपरात माझं नाव आता एकदाच यायचंय," गुरुजी हसले.

मार्चमध्ये ते गेले. बातमीदारानं घरी न विचारता त्याच पानावरून माहिती घेतली आणि छापलं, 'सरपंचांनी काढलेल्या शाळेचे पहिले शिक्षक.'



संध्याकाळी गायत्रीनं पान उघडलं, तर सरपंचांच्या नावापुढं छापील संदर्भ जोडलेला होता: गुरुजींच्या निधनाची बातमी.