मिश्रीचा डाग

महारुद्रला मास्क देताना आतल्या बाजूला मिश्रीचा डाग दिसला आणि राजेश्रीच्या मनात पाल चुकचुकली. नवरा मिश्रीला शिवतही नव्हता. गेल्या साली मळणीयंत्राच्या धुळीनं त्याला दम लागला, तेव्हा तिनंच तो मास्क आणला होता. विचारल्यावर “मीच घालायलोय की,” म्हणून तो खोकत कामाला गेला. दुपारी ती न सांगता भाकरी घेऊन शेतात पोचली. तुरीच्या भुसकटाचा धुरळा उठला होता अन् महारुद्र उघड्या तोंडानं यंत्रात पेंढ्या लोटत होता. मास्क होता खाली बसून तूर चाळणाऱ्या पाठमोऱ्या बाईच्या तोंडावर. राजेश्री तरातरा तिच्यापुढं गेली. ती सासू होती. दोन वर्षांपूर्वी हिच्याशीच भांडून थोरल्या लेकाकडं गेलेली. घाबरून ती मास्क सोडायला लागली. “राहू द्या, आत्याबाई,” म्हणत राजेश्री नवऱ्यावर खेकसली, “दुसरा मागायला काय झालं व्हतं?”