मुलींची नावं उपलब्ध नाहीत

"उमराव आर्नोला चार मुलगे झाले. गी, ओदो, हूग आणि रोबेर."

सुकन्या मोबाईलकडे तोंड करून वाचत होती. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या चारी भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. पंखा बंद, दार बंद. जामखेडच्या रस्त्याला फाटा सोडून आत आलं की हे घर, भर दुपारी तिथं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. गोष्टी ऐकवणाऱ्या एका ॲपसाठी ती घरबसल्या वाचायची. या खेपेला तिच्या वाट्याला आठशे वर्षांपूर्वीचा फ्रान्समधला एक सरदार आला होता.

तिची सासू विजयमाला दाराला पाठ लावून आतच वाती वळत बसली होती. उगाच नव्हती बसली. दुपार कलली की गाडी येणार होती. गाडीतच मशीन, गाडीतच डॉक्टर, कुठं शिकला ते विचारायचं नाही. सुकन्याच्या पोटात काय आहे ते तो सांगणार आणि मुलगी निघाली तर पुढचंही तोच उरकणार. घरात थोरली दिशा होतीच, अंगणवाडीत जाणारी. दुसरी नको, असं सुकन्याच्या नवऱ्यानं, विजयमालाच्या एकुलत्या एका बजरंगनं ठरवून टाकलं होतं. सुकन्याला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी ती नको म्हणाली, तेव्हापासून सासू दार सोडत नव्हती.

"लई मोठं घरानं दिसतंय गं," सासू म्हणाली.

"व्हय. किल्ला होता त्यांचा. पन बुडालं."

"चार-चार पोरं असून?"

"एक लढाईत मेला, दोन तापानं. धाकटा घोड्यावरनं पडला."

"आगाई! मग मागं कुनीच न्हाई?"

सुकन्यानं पुढची ओळ वाचली. मोबाईलसाठी वाचली आणि सासूसाठीही.

"आर्नोला पाच मुलीही होत्या. त्यांची नावं उपलब्ध नाहीत."

बस, एवढंच. धाकट्याला पाडणाऱ्या घोड्याचं नावसुद्धा त्या मजकुरात होतं. पोरींची नव्हती.

तिनं रेकॉर्डिंग थांबवून परत ऐकलं. "उपलब्ध नाहीत"च्या पुढं कुणीतरी कुजबुजलं होतं.

"आत्या, मधी बोलू नका ना. सगळं परत वाचावं लागतंय."

"मी कशाला बोलू? तोंडात मिसरी हाय माज्या."

तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा ऐकलं. त्याच जागी पुन्हा ते आलं, आणि आता ते स्पष्ट होतं.

"कुर्र."

बारशाला पाळण्यात वाकून, बाळाच्या कानाला तोंड लावून करतात तसं. त्याच्या पुढं नाव सांगायचं असतं. नाव मात्र आलं नाही.

विजयमालाचे हात थांबले. वात मांडीवर तशीच अर्धी राहिली.

"आता काय वाचू नकू," ती म्हणाली. "नुस्तं चालू ठिव."

तिनं कोपऱ्यातल्या डब्यात मिसरी थुंकली, पदराचा बोळा तोंडावर धरला आणि परत दाराशी बसली. सुकन्यानंही ओठ मिटून घेतले. मोबाईलवर लाल ठिपका लुकलुकत राहिला. खोलीत काही म्हणजे काही वाजलं नाही.

मग सुकन्यानं ते ऐकवलं.

"कुर्र. सोजर."

जरा वेळ काही नाही.

"कुर्र. कौतिका."

आवाज विजयमालाचाच होता. पण कोवळा होता, नुकतं लग्न होऊन आलेल्या पोरीचा. रडून रडून बसलेला.

सुकन्याच्या हातातून मोबाईल खाली पडला. तो बंद करायला ती वाकली, तर सासूनं तिचं मनगट धरलं.

"ही नावं म्या कुनालाच सांगितली न्हवती," विजयमाला म्हणाली. "बजरंगच्या बापालाबी न्हाई. हितंच, ह्या खोलीत बाळंत झाले. पयली झाली, तिच्या कानात नाव सांगितलं आन् सासूच्या हातात दिली. दुसरीच्याबी कानात सांगितलं. आन् दिली."

हे बोलताना ती समोरच्या भिंतीवरच्या एकाच गोधडीकडं बघत होती. लाल काठाची, छोटी.

"दोघीच होत्या, आत्या?"

"दोगीच."

मोबाईल अजून चालू होता.

"कुर्र," त्यातली कोवळी विजयमाला तिसऱ्यांदा म्हणाली.

पुढं नाव नव्हतं. श्वास तेवढा ऐकू येत होता. एक नव्हे, दोन-तीन, बारीक बारीक, कुणी कान देऊन थांबल्यासारखे. सुकन्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं. विजयमालानं ते पाहिलं.

बाहेर हॉर्न वाजला. चपला वाजल्या आणि दारावर थाप पडली.

"आये, झालं का तिचं वाचन? चल म्हनावं, गाडी चालूच हाय. डॉक्टरला पुढं जायचंय."

विजयमाला उठली. वाती पायाखाली सांडल्या. तिनं हात वर करून आतून कडी लावली आणि परत दाराला पाठ लावली.

"गाडी माघारी लावून दे," ती म्हणाली.

"आं? काय झालं?"

"आत बारसं चाललंय."

बाहेर बजरंग हसला. "येड लागलं का तुला? दिशाचं झालंय कवाच. कुनाचं बारसं?"

"तुज्या बहिनींचं."