अर्धी कॅसेट

“कुठलं बोट उचलू, ते मला विचारू नकोस,” उस्ताद मिहरान म्हणाले. “सूर कुठं जायला मागतोय ते ऐक, आणि बोटांना सांग.”

अराक्सीनं बोटांना सांगून पाहिलं. बोटांनी ऐकलं नाही. जर्दाळूच्या लाकडाच्या त्या आखूड, पाव्यासारख्या दुदुकमधून रेडकू ओरडावं तसा आवाज आला, आणि खाली गल्लीत कुणीतरी खिडकी लावून घेतली.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी आपल्या दुदुकची रुंद पत्ती ओठात धरली, गाल फुगवले आणि एकच खालचा सूर लावला. सपाट, लांब, न तुटणारा. गालातली हवा सोडता सोडता ते नाकानं श्वास घ्यायचे, पण सूर जागचा हलायचा नाही. त्या सुरावर अराक्सीनं धून शोधायची. शिकवणी पहिल्या दिवसापासून ही अशी होती.

तिला कोडं पडलं होतं ते याचंच. मुळात ती चौकस बाई. कामाला होती त्या औषधाच्या दुकानात गोळी देताना गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करून घ्यायची. त्यात समोरच्या गॅलरीतल्या वार्तुहीबाईंनी तेल ओतलं.

“अगं, आपल्यात उलटं असतं. उस्ताद वाजवतो. शिष्य मागं बसून वर्षानुवर्षं सूर धरतो, गाल दुखेपर्यंत. आणि तुझा उस्ताद तुझ्यामागं सूर धरून बसतो? हे म्हणजे लग्नात नवऱ्यानं ताटं वाढत फिरावं तसं झालं.”

“तुम्ही त्यांना धून वाजवताना ऐकलंय?” अराक्सीनं विचारलं.

“इथं बुर्ज हम्मूदच्या वस्तीत आल्यापासून? छे. कुणी म्हणतं नवस आहे, कुणी म्हणतं बोटं गेली. मला विचारशील तर माणूस चिक्कू आहे. आपली चीज दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून बसलाय दाबून.”

अराक्सीनं ते हसण्यावारी नेलं, पण चिक्कू हा शब्द मनात सलत राहिला.

त्याला कारण ती कॅसेट. लढाईच्या दिवसांत अलेप्पो सोडताना वडिलांच्या तिथल्या दुकानातून तिनं तेवढीच उचलली होती. झाकणावर खुर्च्यांत बसलेले दोन मिशीवाले, दोघांच्या मांडीवर एकेक दुदुक, खाली नावं: मिहरान आणि अर्दाशेस. वडील होते तोवर ती रोज लागायची. अराक्सीला हवी होती तिच्यातली शेवटची धून, आणि यंत्रानं टेप खाल्ली होती ती नेमकी तिच्याच मध्यावर. दुसरी प्रत कुठं मिळाली नाही. अर्दाशेस वारल्याचं कानावर आलं. मग कुणीतरी म्हणालं, मिहरान तर इथंच राहतात, बेकरीच्या वर, एकटे. ती जिना चढून गेली आणि कॅसेट त्यांच्या टेबलावर ठेवली. “मला ही धून शिकायचीय,” ती म्हणाली, “राहिलेल्या अर्ध्यासकट.” उस्ताद त्या झाकणाकडं बराच वेळ बघत राहिले. मग आतून दोन दुदुक घेऊन आले आणि एक तिच्या हातात दिली.

हिवाळा सरला. पहिली अर्धी धून तिला आता वेडीवाकडी का होईना, येत होती. उरलेली अर्धी उस्ताद गुणगुणून दाखवायचे, घोगऱ्या गळ्यानं, मध्ये मध्ये खोकत. वाट कळायची, वळणं निसटायची. “एकदा वाजवून दाखवा ना,” म्हटलं की ते कॉफी ठेवायला उठत.

आजही ते उठले.

“कॉफी नको,” अराक्सी म्हणाली. तिनं आपली दुदुक त्यांच्यापुढं सरकवली आणि त्यांची उचलली. “आज मी सूर धरते. तुम्ही वाजवा.”

“तुझा सूर अजून तुटतो.”

“तुटू दे. उस्ताद, रागावू नका, पण तुमचं वय झालं. उद्या काही झालं तर ती अर्धी धून तुमच्याबरोबर जाईल. ती काय तुमची एकट्याची आहे? वाजवणार नसाल तर मी उद्यापासून येत नाही.”

मिहरान खाली बसले. तिची दुदुक उचलली, पत्ती ओठात धरली, गाल फुगवले. त्यांची दुदुक हातात घेऊन अराक्सी जिवाचा कान करून ऐकू लागली.

एकच खालचा सूर आला. सपाट, लांब, न तुटणारा. तिला वाटलं, ही सुरुवात आहे. बोटं एकदा उचलल्यासारखी झाली, आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. मग त्यांनी दुदुक हळूच टेबलावर ठेवली.

“मला एवढंच येतं,” ते म्हणाले. “कॅसेटवर वाजवतोय तो अर्दाशेस. मी मागं आहे. मागचा कुणाच्या लक्षात राहत नाही.”

अराक्सीला आधी रागच आला. सगळा हिवाळा डोळ्यांसमोरून गेला. “मग पहिल्याच दिवशी सांगायचं. मला शिकवायला कशाला बसलात?”

“धून मला पाठ आहे, त्यात खोटं नाही. उभा जन्म त्याच्या शेजारी बसून ऐकलीय. चुकलीस तर लगेच कळतं मला. फक्त माझ्या बोटांत ती नाही.” त्यांनी पत्ती बाहीला पुसली, पुन्हा पुसली. “आणि पोरी, एकट्यानं सूर धरला तर ती नुसती फुंकर असते. पुढं कुणीतरी वाजवणारं लागतं. तो गेला तेव्हा मी दुदुकची पेटी बंद केली होती. तू आलीस, त्या दिवशी उघडली.”

 अराक्सीनं टेबलावरची आपली दुदुक घेतली आणि त्यांची त्यांच्या हातात दिली.

“टेप तुटते तिथून घेते,” ती म्हणाली. “सूर धरा.”