आते कोण?

"ही आते कोण?" कॉलिनने विचारलं.

टेबलाभोवती बसलेल्या बारा नर्सपैकी कुणीच मान वर केली नाही. कॅनडातल्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या या वॉर्डात सगळ्याच जणी फिलिपिन्सच्या. गेल्या महिन्यात कॉलिनच्या सर्वेक्षण कंपनीने त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. कर्मचाऱ्यांचा एकमेकींवर किती विश्वास आहे, अडल्यावर कोण कुणाकडे धावतं, हे मोजायचं होतं. सामाजिक भांडवल म्हणे. नाव घालायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मोकळेपणाने लिहिलं.

सातवा प्रश्न होता, हातून चूक झाली तर सर्वांत आधी कुणाला सांगता? बारांपैकी अकरा फॉर्मवर एकच उत्तर होतं. आते.

पगाराच्या यादीत या नावाचं कुणी नाही, कॉलिन म्हणाला. त्याच्या शेजारी वॉर्डची प्रमुख जॅनिस बसली होती. वर्षभरात चुकांचे लेखी अहवाल आले फक्त दोन, ती शांतपणे म्हणाली. मग बाकीच्या चुका कुणाच्या पोटात गेल्या, ते आज कळायला हवं. आधी ती बाई शोधू, मग तिला सांगणाऱ्या.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या डिविनाने तो फॉर्म चार महिन्यांच्या बाळाला मांडीवर पाजता पाजता भरला होता. आते म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. तिच्या शेजारी बसलेल्या मिलाग्रोसला सगळ्या तेच म्हणत. ताईला कुणी नावाने लिहितं का?

जानेवारीत डिविनाने एका आजोबांना रक्त पातळ करायचं इंजेक्शन दोनदा दिलं होतं. बाळामुळे रात्र रात्र झोप नव्हती. तिने सांगितलं तेव्हा मिलाग्रोस रागावली नाही. ड्युटी संपेपर्यंत ती आजोबांच्या उशाशी बसून राहिली, दर पंधरा मिनिटांनी नाडी बघत. चार दिवसांनी आजोबा चालत घरी गेले. कागदावर काहीच आलं नाही. आता आलं तर डिविनाचा परवाना जाणार, आणि त्याच्यामागून विनिपेगमधलं राहणंही.

"आमच्यात वयाने मोठी ती आते," रोवेना गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "मला छप्पन्नावं लागलंय. माझंच नाव घाला."

मग मीही आते, दुसरी म्हणाली, डिविनापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. तिसरीनेही हात वर केला. दबकं हसू टेबलभर फिरलं. जॅनिसचे ओठ आवळले गेले. कॉलिन मात्र खाली मान घालून लिहीत होता. सोनेरी केस, थंडीने लाल झालेले गाल, तिशीचा असेल नसेल.

डिविनाचा सदरा दुधाने ओला झाला होता. ती ओठ न हलवता आपल्या भाषेत पुटपुटली, "आते मिलाग्रोस, सांगून टाकू का? त्या आजोबांचं?"

मिलाग्रोस समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. "गप बस. तू मला काही सांगितलेलं नाहीस. आणि या गोऱ्यांना काय कळतंय आपण बोलतो ते?"

शेवटी जॅनिस कंटाळली. जा कामाला, म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तीच तरातरा बाहेर पडली. खुर्च्या सरकल्या. बायका एकेक करून निघाल्या. मिलाग्रोसबरोबर मागे उरलेल्या डिविनाने तासाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

कॉलिनने पेनाला टोपण लावलं. टेबलाला वळसा घालून तो आला आणि त्याने मिलाग्रोससाठी खुर्ची ओढली.

"तुम्ही बसा, आते," तो म्हणाला. इंग्रजीत नाही. त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच गावच्या हेलात. "मला लहानाचं मोठं तुमच्याकडच्याच एका बाईने केलं. तीही माझं सगळं असंच पोटात घालायची. डिविना, दार लावून घे."