वाचकाला सोसेल असं

वडिलांच्या तेराव्याला हेरंब दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मृणालिनीला वाटलं, आपल्या या धाकट्या भावाला लाज उरलेली नाही. कालच तिने ब्लॉगवर लिहिलं होतं, बाबा अंथरुणाला खिळलेले असताना तू एकदाही फिरकला नाहीस, आता जेवायलाही येऊ नकोस.

"ताई, तुझा लेख वाचला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "वाचला म्हणून यायचा धीर झाला."

तिने त्याचा मोबाइल हातात घेतला. नाव तिचंच होतं, फोटो तिचाच. खाली लिहिलं होतं, 'तुला येता आलं नाही, त्यामागे काही कारण असेल. तेराव्याला मात्र ये. वाट बघते.'

हल्ली ब्लॉगची साइट मजकूर आपोआप बदलून प्रत्येक वाचकाला त्याला सोसेल अशा सुरात दाखवायची. ही सोय लेखकाला बंद करता यायची. पण शिव्या येणं थांबलं होतं, लोक तिला प्रेमळ म्हणू लागले होते, म्हणून तिने ती चालूच ठेवली होती.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं. चालता हो."

हेरंब गोंधळून आईकडे बघत राहिला. आईने त्याच्यासाठी पान मांडलं.

"बस रे तू," आई म्हणाली. "ही तोंडाने काहीही बोलते. मन कसं आहे ते हिच्या लिहिण्यात दिसतं. मीही वाचलंय."