रायफलीला पंचामृत

“बंदुकीला नक्की काय काय पाजलंस, ते एकदा नीट सांग बेटी,” दाऊदचाचा म्हणाले.

पद्माने मान खाली घालून सांगितलं. दूध, दही, तूप, मध, साखर. आधी नळीत, मग वरून. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांची पूजा झाली आणि नवी रायफल तेवढी कोरडीच राहिली. पद्माला ते बरं दिसेना. नववीत पहिली आलेली मुलगी ती, तिला भटजी कशाला हवेत? तिने स्वतःच अथर्वशीर्ष म्हटलं आणि रायफलीला यथासांग अभिषेक केला.

मग दिवेलागणीला बुधाजीच्या खाचरात रानडुकरं उतरली. भाऊ, म्हणजे पद्माचे वडील, रायफल घेऊन धावले. अर्धं गाव बांधावर जमलं. भाऊंनी नेम धरला, चाप ओढला. नुसतं टिच् झालं. डुकरांनी मानसुद्धा वर केली नाही.

तेव्हापासून बोर्ली गावात पद्माचं नाव झालं. विहिरीवर बायका विचारायच्या, आज बंदुकीला नैवेद्य काय गं? भाऊ रागावले नाहीत. उलट येईल-जाईल त्याला हसत सांगायचे, आमच्या कन्येने रायफलीला असं बाळसं आणलंय, आता ती कसली उडते!

बुधाजी मात्र हसला नाही. त्याची खाचरं भाऊंच्या वाडीच्या खालच्या अंगाला. डुकरांनी निम्मं भात लोळवून त्याचा चिखल केला होता आणि उरलेल्यावर ती रोज येत होती. रायफलीचा परवाना एकट्या भाऊंच्या नावावर, तोही गावाने मिळून अर्ज केला म्हणून मिळालेला. दुसऱ्याने ती हातात धरायची सोय नव्हती. पद्मा जेवायला बसली की पानातला भात तिला बुधाजीचाच वाटायचा.

भाऊ म्हणत, रायफलीतलं कळणारा माणूस या मुलखात नाही. मुंबईला पाठवावी लागेल, संक्रांत तरी उजाडेल. संक्रांतीपर्यंत बुधाजीच्या शेतात पेंढा तरी उरला असता का? म्हणून पद्माने स्वतःच चौकशी सुरू केली. गावचा लोहार म्हणाला, घेऊन ये, भट्टीत घालू. श्रीवर्धनचा सायकलवाला म्हणाला, पंपाने हवा मारून बघतो. शेवटी बांगड्या भरायला आलेल्या कासारणीने सांगितलं की म्हसळ्याला दाऊदचाचा आहेत. संस्थान होतं तेव्हा शिकारखान्याच्या सगळ्या बंदुका त्यांच्याच हाताखालून जायच्या.

आज रविवार होता. पद्मा बुधाजीच्या बायकोला, ठमीला, सोबत घेऊन एसटीने म्हसळ्याला आली. ठमीला तिने बाहेर पायरीवर बसवलं. आपला गुन्हा तिच्यासमोर पुन्हा एकदा सांगायची पद्माला लाज वाटत होती.

दाऊदचाचांनी सगळं ऐकून घेतलं. ते हसले नाहीत. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

“पंचामृताने नळी चिकट होते, गंज धरते,” ते हळू आवाजात म्हणाले. “टिच् वाजून बार उडत नाही, हे काम पंचामृताचं नाही. ते काम माझं.”

पद्माने झटकन मान वर केली.

मग त्यांनी सांगितलं. भाद्रपदात भाऊ एकटेच त्यांच्याकडे रायफल चालवायला शिकायला आले होते. दोघे डोंगरात गेले. भाऊंच्या पहिल्याच गोळीला डुकरीण पडली. जवळ जाऊन बघतात तो पिल्लं तिला लुचत होती. भाऊ तिथेच खाली बसले. गावाने ढोल वाजवून रायफल आणली चाचा, आता मला ‘नाही’ म्हणवत नाही, असं म्हणाले आणि रडले. त्यांच्याच सांगण्यावरून दाऊदचाचांनी काडतुसावर आपटणाऱ्या आतल्या पिनेचं टोक घासून टाकलं. दसऱ्याच्या कितीतरी आधी.

पद्माच्या छातीवरचा धोंडा उतरला. मी नाही! बाहेर धावत जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं तिला, मी नाही केलं. मग तिला भाऊंचं हसणं आठवलं. येईल-जाईल त्याला सांगताना भाऊ हसायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“पिनेचं माप आहे माझ्याकडे,” दाऊदचाचा म्हणाले. “तू हो म्हण. उन्हं कलायच्या आत नवी पिन करतो आणि स्वतः बोर्लीला येऊन बसवतो. पण जुनी कशी गेली, ते मग गाव विचारणार. मी खोटं सांगणार नाही.”

दाराच्या फटीतून ठमीची पाठ दिसत होती. पायरीवर बसल्या बसल्या ती पदराने वारा घेत होती. पद्मा बराच वेळ त्या पाठीकडे बघत उभी राहिली. मग तिने दार उघडलं.

ठमी लगबगीने उठली. “काय म्हनलं चाचा? व्हईल ना?”

“नाही होणार,” पद्मा म्हणाली. “त्यांना रायफलीतलं काही कळत नाही.”

दाऊदचाचा तिच्या मागोमाग दारात आले होते. त्यांनी पद्माकडे पाहिलं. ठमीकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली.

म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा ठमीला बघवेना. तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि नव्या भाताचे ओंजळभर पोहे त्यांच्यापुढे धरले.

“आसूंदे चाचा, समद्यांना समदं कुठं येतंय,” ती म्हणाली. “घ्या. डुकरांनी ठेवलं, त्यातलं हाय.”