वाकडा शॉवर

सासऱ्यांनी शॉवर बसवला, म्हणजे भिंतीला कसाबसा अडकवला. सांध्यातून पाणी मुरून खालच्यांच्या छतातून टपकायला लागलं. पण प्लंबरचं नाव काढलं की सासरे फुगून बसायचे. शेवटी ते फिरायला गेल्यावर मी गुपचूप प्लंबर बोलावला.

"सांधे पक्के करा, पण शॉवर बाबांनी बसवलाय तसाच वाकडा ठेवा."

"ताई, माझं नाव खराब होईल."

"तुमचं नाव सांगतंय कोण?"

संध्याकाळी सासरे आंघोळ करून ऐटीत बाहेर आले. खाली एक थेंब गेला नव्हता.

"मी सांध्यात भरलेलं सिलिकॉन वाळायला वेळ लागतो, म्हणालो नव्हतो?"

"हो बाबा, तुमच्या हाताला तोड नाही."

"तेच म्हटलं मी सगळ्यांना. गच्चीवरची अख्ख्या इमारतीची टाकी उद्यापासून मीच दुरुस्त करतोय."